दोन्ही पाले: मुक्तेश्वरजवळच्या नव्या घराच्या पहिल्या हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

जागा: नैनीताल जिल्हा, मुक्तेश्वरच्या अलीकडची धार (डोंगराची सोंड), उंची साधारण २,१५० मीटर, उतार दक्षिणेकडे. बांधकाम मे महिन्यात संपलं. भिंती दगड-विटांच्या, वर ३० अंश उताराचा रंगीत पत्रा, खाली चीडाच्या (पाइनच्या) फळ्यांचं छत. पाऊस थांबला आहे. सकाळी त्रिशूल (७,१२० मीटर), नंदादेवी (७,८१६ मीटर) आणि उजवीकडे पंचाचूली स्वच्छ दिसतात. दहानंतर ढग चढू लागतात.

दोन किमान-कमाल तापमापक लावले. एक उत्तरेच्या पडवीत, सावलीत, जमिनीपासून १.२ मीटरवर. दुसरा उघड्या गवतावर आडवा. दुसरा कशाला, हे गावात कोणी विचारलं नाही. पुण्याहून फोन करणाऱ्या प्रत्येकानं विचारलं. उत्तर: स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री गवत, पत्रा, पाइप आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकतात. पडवीतला पारा ३-४ अंशांवर असताना गवतावर शून्याखाली गेलेला असू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात तेही असेच. इथे त्याला 'पाला' म्हणतात. आपल्याकडे पाला म्हणजे पानं. या डोंगरावर दोन्ही पाले लागोपाठ पडतात, आणि पहिल्या हिवाळ्याची बहुतेक कामं या दोघांसाठीच आहेत. बर्फाची धास्ती उगाच मोठी. बर्फ येण्याआधी दोन दिवस कळवतो.

आजची रात्र: पडवी ११, गवत ८.

१२ ऑक्टोबर

लाकूड. छोट्या बुखारीला (लाकूड जाळायच्या बंद शेगडीला) रोज संध्याकाळी ८ ते १० किलो लागेल असं धरलं. डिसेंबर ते मार्चमधले ११० दिवस, म्हणजे सुमारे ११ क्विंटल. बर्फात वाट बंद झाली तर हाताशी असावं म्हणून १५ क्विंटल घेतलं. बांज (इथला ओक) सगळ्यात चांगला: जड, सावकाश जळतो, निखारा रात्रभर टिकतो. पण उभा बांज तोडायचा नाही. १,००० मीटरच्या वरची हिरवी झाडं तोडायला १९८१ मध्ये बंदी आली. शिवाय धारेखालचं पाणी धरून ठेवणारं रान बांजाचंच आहे. वन निगमाच्या डेपोतून पावतीचं लाकूड घेतलं, आणि स्वतःच्या जमिनीतल्या खुबानी (जर्दाळू) आणि सफरचंदाच्या छाटणीच्या फांद्या वेगळ्या रचल्या.

'सुकं आहे' या शब्दावर लाकूड घेऊ नये. दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे: 'टण्' वाजलं तर सुकं, 'थप्' वाजलं तर ओलं. टोकांना चक्रासारख्या भेगा हव्यात. ओलाव्याचं मीटर असेल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचायचं, २० टक्क्यांखाली हवं. ढिगातलं निम्मं २८-३० निघालं. ते फोडून पुढच्या वर्षाच्या रांगेत टाकलं.

रचना: खाली दगड ठेवून जमिनीपासून १५ सेंटीमीटर उंच, भिंतीपासून हातभर दूर, साल वर. माथ्यावरच पत्रा, बाजू उघड्या. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली की लाकूड आतल्या आत घामेजतं.

१९ ऑक्टोबर

दक्षिणेच्या खिडकीची मापं. वळचण ७५ सेंटीमीटर बाहेर, तावदानाचा माथा तिच्याखाली ३० सेंटीमीटर, तावदान १२० उंच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भर दुपारी वरचं ८१ सेंटीमीटर सावलीत होतं, कारण सूर्य ५६ अंशांवर. २१ डिसेंबरला तो ३७ अंशांवर येईल. तेव्हा हिशोबानं फक्त वरचं २७ सेंटीमीटर सावलीत राहायला हवं. त्या दिवशी पुन्हा मोजायचं.

२८ ऑक्टोबर

पाण्याची लाइन. सगळ्यात मोठं काम, चार दिवस.

सध्या असं आहे: वरच्या पायरीवर १,००० लिटरची काळी टाकी, तिथून ६० मीटर लांबीचा २५ मिलिमीटर एचडीपीई (लवचिक प्लास्टिक) पाइप घरापर्यंत, घरात सीपीव्हीसी (कडक प्लास्टिक). ठेकेदारानं बाहेरचा पाइप जमिनीवर नुसता पसरून ठेवला होता. खाली पठारावर असं चालून जातं. इथे काळा पाइप रात्री आकाशाखाली उघडा म्हणजे गवतावरच्या तापमापकासारखाच.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. एचडीपीई थोडा ताणला जाऊन सावरतो. सीपीव्हीसी तडकतो, पितळी तोटीचं पोट फाटतं, जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) सांधा उघडतो. फुटतं पहाटे, कळतं दहा वाजता, बर्फ वितळल्यावर. म्हणून सकाळी 'पाणी येत नाही' एवढ्यावर थांबायचं नाही. मुख्य वाल्व आधी बंद करायचा, मग शोध घ्यायचा.

केलेली कामं:

पाइप ४५ सेंटीमीटर खोल पुरला. इथल्या गोठण्याला ३० पुरेल, पण वरून फावडं चालतं आणि साळिंदर उकरतं. सगळीकडे घराकडे सलग उतार ठेवला, मध्ये कुठे पोट राहू दिलं नाही. पोटात पाणी साचतं आणि तिथेच फुटतं.

सर्वात खालच्या टोकाला टी जोडून निचऱ्याची तोटी बसवली. टाकीकडचा वाल्व बंद करून ही उघडली की ६० मीटरमधलं १९ लिटर पाणी चार-पाच मिनिटांत बाहेर. मात्र घरातली सर्वात वरची तोटीही उघडी हवी, नाहीतर हवा शिरत नाही आणि अर्धं पाणी आतच अडकतं.

गावात नळ रात्रभर बारीक चालू ठेवतात. उपाय खरा आहे, पण मिनिटाला पाव लिटर धरलं तरी दहा तासांत दीडशे लिटर जातं. आमच्याकडे सार्वजनिक लाइनचं पाणी दिवसाआड येतं. त्यामुळे निचरा हाच मार्ग.

बॉल वाल्वची एक गंमत: पूर्ण बंद केला की गोळ्याच्या पोटात पाणी अडकून राहतं आणि रिकाम्या लाइनवरही वाल्व फुटतो. निचरा झाल्यावर दांडा ४५ अंशांवर अर्धवट ठेवायचा. टाकीकडच्या वाल्वला हे करता येत नाही, म्हणून तो विटांच्या पेटीत भुश्श्याच्या पोत्यांखाली.

उघड्या तुकड्यांवर १९ मिलिमीटर जाडीची काळी नायट्राइल रबराच्या फोमची नळी, सांधे चिकटवून, वर अ‍ॅल्युमिनियमची टेप. टेप नसेल तर उन्हानं दोन वर्षांत नळीचा भुगा होतो. टाकी स्वतः गोठत नाही, हजार लिटरला तेवढी थंडी लागते कुठे. गोठतात ती तिची कोपरं: बाहेर पडणारा एल्बो आणि फ्लोट वाल्व. दोन्ही गुंडाळले.

९ नोव्हेंबर

पद्म फुलला. सगळी झाडं अंगावरचं उतरवत असताना हा रानचेरीचा भाऊबंद गुलाबी होतो. कुमाऊंत त्याला पंय्या म्हणतात. मधमाश्यांना थंडीआधीचा हा शेवटचा मोठा चारा, म्हणून पोळ्याच्या पेटीतून आता मध काढायचा नाही.

जमिनीवर जुनी नऊ सफरचंदाची झाडं आहेत. पानं निम्मी पिवळी. गळण्याच्या जरा आधी ५ टक्के युरियाची फवारणी केली: १०० लिटर पाण्यात ५ किलो. पानं लवकर कुजावीत हा हेतू. सफरचंदावरची खपली, म्हणजे स्कॅब, ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतात तिथूनच उडते. तर हा पहिला पाला. गोळा करून खड्ड्यात घातला, वर शेण आणि माती.

खोडांना दोन फुटांपर्यंत चुना आणि मोरचुदाचा लेप. कीड हे अर्धंच कारण. दुपारी नैर्ऋत्येची साल उन्हानं तापते, सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात गारठते, आणि उभी फाटते. पांढरा रंग ऊन परतवतो.

थंडी मात्र या झाडांना हवीच. डेलिशस जातींना ७ अंशांखालचे हजार-बाराशे तास मिळाले नाहीत तर बहर अर्धवट, पुढेमागे फुटतो. तासांचा तक्ता आजपासून.

पडवी ७, गवत ३.

१६ नोव्हेंबर

दुसरा पाला पडला, पण आपल्याकडे नाही. सकाळी सहाला पाहिलं तर खाली गधेऱ्याकाठची (ओढ्याकाठची) शेतं पांढरी, धारेवर गवत नुसतं ओलं. नवख्याला उलटं वाटतं. वर थंडी जास्त असते ना? दिवसा असते: हजार मीटर चढलं की सरासरी साडेसहा अंश उतरतात. शांत रात्री मात्र गार हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगटात साचते. म्हणून जुनी घरं ओढ्याकाठी नाहीत, उताराच्या मध्यावर आहेत, आणि नवी हॉटेलं 'रिव्हर व्ह्यू' म्हणून नेमकी खाली.

याच कारणानं घरामागची दगडी ताल (बांधाची भिंत) तपासली. उतारावरून येणारी हवा तिच्याआड अडून मागच्या अंगणात तळं करते. तळाशी एक फूट रुंद फट सोडायला सांगितली. पावसाचं पाणी आणि रात्रीची हवा, दोघांनाही तीच वाट.

२३ नोव्हेंबर

दारं-खिडक्या. पावसाळ्यात फुगून घासत होत्या, तेव्हा सुताराला रंधा मारू दिला नाही, हे बरं केलं. आता हवा कोरडी, लाकूड आकसलं, फटी तीन-चार मिलिमीटर. उदबत्ती लावून चौकटीच्या कडेनं फिरवली. धूर आडवा झाला तिथे खडूची खूण. तेवीस खुणा. निम्म्या झडपांच्या कडेला, तिथे रबराची पट्टी. पाच दारांखाली, तिथे ब्रश. उरलेल्या चौकट आणि भिंतीच्या सांध्यात. गवंडी प्लास्टर करताना तिथे नेहमी घाई करतात. त्यात फोम भरून, दुसऱ्या दिवशी कापून, वर चुन्याची लांबी.

बाहेरच्या पायऱ्यांचं उरलेलं काँक्रीट आता मार्चमध्ये. ५ अंशांखालचं काम आयएस ७८६१ च्या दुसऱ्या भागात 'थंड हवेतलं' धरलंय. ओतल्यावर पहिल्या रात्रीच गोठलं तर वरचा थर पुढे पापडासारखा सुटतो. ठेकेदार 'मीठ टाकू' म्हणाला. सळया आहेत, मीठ नाही.

१ डिसेंबर

बुखारी बसवली. चार इंची पाइप, धूर वर आणि डांबरी पाणी खाली. म्हणून प्रत्येक तुकड्याचं अरुंद टोक खाली, खालच्या तुकड्याच्या आत जाईल असं. दुकानातला माणूस उलटं जोडतो, कारण बाहेरून छान दिसतं. मग महिन्याभरात सांध्यांतून काळे ओघळ येतात. पाइपाचं तोंड पत्र्याच्या माथ्यापेक्षा ६० सेंटीमीटर वर. फळ्यांच्या छतातून जाताना भोवती दुप्पट व्यासाची पत्र्याची नळी, मध्ये रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर). लाकडी भिंतीपासून ९० सेंटीमीटर दूर.

पेटवताना पाइप थंड असेल तर धूर खोलीत येतो. छिलुक, म्हणजे चीडाची राळ भरलेली चिपाटी, तिचे दोनच तुकडे पेटवून पाइप आधी गरम करायचा, मग बांज. नुसतं चीड जाळू नये, काजळी फार. धग कमी करून रात्रभर कोंडत ठेवणं हीच काजळीची खाण. दर तीन आठवड्यांनी पाइप उतरवून घासायचा.

नव्या घट्ट घरात बुखारीला हवा मिळत नाही: आठवड्यापूर्वी आपणच सगळ्या फटी बुजवल्या. बुखारीमागे जमिनीलगत तीन इंची पाइप भिंतीतून बाहेर, तोंडाला जाळी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीवर. कोळशाची शेगडी बंद खोलीत नेणं या घरात पूर्ण बंद. पाहुण्यांना पहिल्या संध्याकाळीच सांगायचं.

८ डिसेंबर

पत्रा 'गळतो'. आठवडाभर एक थेंब पाऊस नाही, आकाश निळंशार, आणि सकाळी साडेनऊला उत्तरेच्या खोलीत छतातून टपटप. प्लंबर आला, पत्र्याचे स्क्रू आवळून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टपटप, वेळही तीच.

फळी काढून पाहिलं. काचलोकर ओली, पत्र्याची खालची बाजू ओली. रात्री खोलीतली दमट हवा फळ्यांच्या फटींतून वर जाते, आकाशाखाली गारठलेल्या पत्र्याला लागून तिचा पाला होतो. नऊनंतर ऊन पत्र्यावर आलं की वितळून खाली. घरातच पडलेला पाला!

एवढी वाफ आली कुठून? थोडी नव्या प्लास्टर-काँक्रीटमधून. ते पहिलं वर्षभर सुकत राहतं. थोडी स्वयंपाकातून. आणि बरीच त्या पंधरा दिवस लावलेल्या गॅस हीटरमधून: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी हवेत जातं. हीटर बंद केला.

दुरुस्ती, दोन दिवस: ओली काचलोकर काढून उन्हात. फळ्यांच्या लगेच वर, म्हणजे उबदार बाजूला, २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोड १५ सेंटीमीटर एकमेकांवर घेऊन टेप. त्यावर ५० मिलिमीटर काचलोकर. तिच्यावर पत्र्यापर्यंत ५० मिलिमीटर मोकळी हवा, दोन्ही वळचणींना जाळीच्या फटी. कागद लोकरीच्या वरच्या बाजूला घातला तर सगळं पुन्हा ओलं होईल. बाजू चुकली की साहित्य असून नसल्यासारखं.

खोलीत १६ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असेल तर ९ अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. एकेरी काच आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट रोज पहाटे त्याखाली असते. रोज सकाळी कापडानं पुसायचं, दुपारी बारा ते एक सगळ्या खिडक्या उघड्या. कपाटं उत्तरेच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली; मागे बुरशीचे ठिपके दिसू लागले होते.

१४ डिसेंबर

किरकोळ. पडवी २, गवत उणे २.

सिलिंडरमधला गॅस बराचसा ब्युटेन, त्याचा उकळबिंदू शून्याच्या जरा खाली. बाहेर ठेवलेला सिलिंडर सकाळी ज्योत बारीक देतो, संपलेला नसतो. दक्षिणेच्या पडवीत उन्हात हलवला. गरम पाणी ओतणं, जाळ दाखवणं नाही.

इथे पाणी ९३ अंशांच्या आतच उकळतं. उघड्या पातेल्यात भट (काळं सोयाबीन) किंवा गहत (आपले कुळीथ) शिजत बसतात. कुकरला दोन शिट्ट्या जास्त.

गाडीच्या रेडिएटरमध्ये नुसतं पाणी होतं. काढून कूलंट निम्मं-निम्मं. सावलीच्या वळणांवरचा काळा पाला डांबरासारखाच दिसतो. सकाळी नऊच्या आधी बाजाराला निघायचं नाही.

२१ डिसेंबर

दुपारी मोजलं: वळचणीची सावली तावदानाच्या माथ्यापासून २८ सेंटीमीटर. हिशोब २७ चा. ऊन जमिनीवर खिडकीपासून सव्वादोन मीटर आत. तिथे गालिचा होता, तो उचलला. खालची शहाबादी फरशी दिवसभर तापून रात्री नऊपर्यंत कोमट राहते. गालिच्यानं ते फुकट जात होतं. सूर्य मावळला की जाड पडदे लगेच.

दिवस सव्वादहा तासांचा. पुण्यात आज अकरा. सोलर हीटर (१५० लिटर, १५ नळ्या) ४५ अंशांवर कलवला. नळ्यांना दहिवरानं काही होत नाही. जपायचं ते वर निघालेल्या हवेच्या पाइपाला: तो गोठला आणि आतून गरम पाणी ओढलं, तर टाकी पोकळीनं चेपते. तोही गुंडाळला. नळ्या रिकाम्या झाल्या तर भर उन्हात गार पाणी सोडायचं नाही, काच तडकते; पहाटे किंवा अंधार पडल्यावर भरायचं.

मुक्तेश्वरला कुणी आणलं तर या थंडीनंच, असं गमतीनं म्हणतात. पुण्याहून आधी आलेली एक संस्था मात्र एकांतासाठी आली: जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा पुण्यात १८८९ मध्ये सुरू झाली आणि संसर्गाच्या कामाला वस्तीपासून दूर जागा हवी म्हणून १८९३ मध्ये इथे हलली. आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था तीच.

२ जानेवारी

पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हिवाळी पाऊस-बर्फाची प्रणाली) येतोय. खुणा क्रमानं: काल उंचावर पिसासारखे ढग, सूर्याभोवती खळं, रात्री वारा पूर्वेकडून, आणि पहाटेचा पारा उतरायच्या ऐवजी चढला, १ वरून ५. ढगांचं पांघरूण असलं की आकाशाला उष्णता जात नाही. ऊब वाटली म्हणून गाफील राहायचं नाही.

तयारी: टाकी भरली, मग लाइनचा निचरा. दोन दिवसांचं लाकूड आत. इन्व्हर्टरची बॅटरी लाकडी फळीवर, आतल्या खोलीत. शून्याजवळ तिची ताकद चार-पंचमांश होते. गाडी उतारावर गिअरमध्ये, चाकांना दगड, हँडब्रेक सैल. ओल्या ब्रेकचे पट्टे गोठून चिकटतात.

४ जानेवारी

बर्फ, २२ सेंटीमीटर. रात्रभर आवाज नाही. पडवी उणे १, त्याखाली नाही. ताजा बर्फ हलका: इतक्या थराचं वजन चौरस मीटरला २० ते २५ किलो. तेवढ्याच जाडीचा भिजून बसलेला थर तिप्पट. ३० अंशांच्या पत्र्यावरून अकरा वाजता एकदम घसरला आणि पूर्वेची पन्हळ ब्रॅकेटसकट घेऊन गेला. ब्रॅकेट ९० सेंटीमीटरवर होते. ४५ वर हवेत, आणि पन्हळीची बाहेरची कड पत्र्याच्या उताराच्या रेषेखाली हवी, म्हणजे बर्फ तिच्यावरून निघून जातो. दारावरच्या भागात बर्फ अडवायच्या पट्ट्या लावायच्या. सोलरच्या नळ्यांवरचा बर्फ आपोआप जात नाही. आत निर्वात असल्यानं बाहेरची काच गारच असते. मऊ झाडूनं वरून खाली.

६ जानेवारी

आकाश उघडलं, वायव्येचा कोरडा वारा, रात्री तोही पडला. पडवी उणे ३. गवतावरचा तापमापक बर्फाखाली होता, तो वर काढून ठेवला: उणे ९. ताजा बर्फ स्वतः आकाशाकडे उष्णता फेकतो आणि खालच्या जमिनीची ऊब वर येऊ देत नाही.

नुकसान एकच: बाहेरच्या मोरीचा नळ. पाइप जमिनीतून वर येतो तिथला ४० सेंटीमीटरचा उभा तुकडा निचऱ्याच्या तोटीच्या पलीकडे होता. नकाशात सगळ्यात खालचं टोक म्हणून धरलेला बिंदू प्रत्यक्षात शेवटून दुसरा निघाला. त्या तुकड्यात पावपेल्याएवढंच पाणी राहिलं होतं, पितळी तोटी पोटात उभी फाटली. उणे १ च्या बर्फात तिला काही झालं नव्हतं.

९ जानेवारी

मोरीचा नळ काढून टाकला, तोंडाला प्लग. मार्चमध्ये तिथे निचऱ्याची दुसरी टी, पाइप भिंतीच्या आतून, तोटी बाहेर लांब दांड्याची. तोवर भांडी आत.

वाटेवरच्या बर्फावर बुखारीची राख पसरली: पाय घसरत नाही, काळेपणामुळे उन्हात लवकर वितळतो. राख आधी दोन दिवस झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत ठेवलेली, निखारा नाही हे पाहून.

सफरचंदांची छाटणी सोमवारपासून, ऊन चढल्यावर. गोठलेली फांदी कात्रीखाली चिरते. पन्हळीचे ब्रॅकेट हल्द्वानीहून येतील: ४५ सेंटीमीटर अंतरानं २६ नग, जाडी ३ मिलिमीटर.

पडवी ०, गवत उणे ५.